बिनआवाजाचा कॅमेरा

गल्लीत त्यांना सगळे कात्रीवाले म्हणत. नवखा माणूस ते ऐकून शिंप्याचं दुकान समजायचा आणि उसवलेली पँट घेऊन आत शिरायचा. असं दोनतीनदा खरंच झालेलं आहे. पण कात्रीवाले शिंपी नव्हते, फोटोग्राफर होते. चौतीस वर्षं एकाच खोलीत, एकाच गोल स्टुलावर त्यांनी अर्ध्या गावाला बसवलं. हनुवटी जरा वर, खांदे सैल, आता माझ्याकडे बघा. एवढी तीन वाक्यं ते दिवसातून इतक्यांदा म्हणत की एकदा जेवायला बसलेल्या पाहुण्यालाही त्यांनी हनुवटी वर करायला सांगितली होती.

कात्री स्टुडिओतच खिळ्याला अडकवलेली असे. गिऱ्हाईकाला स्वतःचा फोटो पसंत पडला नाही, किंवा उगाच नको वाटला, तर कात्रीवाले त्याच्या डोळ्यांदेखत निगेटिव्हचे चार तुकडे करत. त्याआधी विचारत, "बघताय ना?" गिऱ्हाईक हो म्हणालं की मगच कात्री चालायची. पुढे निगेटिव्ह गेली, कॉम्प्युटर आला, तरी रीत सुटली नाही. स्क्रीन गिऱ्हाईकाकडे वळवायचा, "बघताय ना?" विचारायचं आणि पुसून टाकायचं. धंद्यातले बाकीचे लोक हसायचे. हसेनात का. जी माणसं दुसऱ्या कुठल्या फोटोग्राफरच्या उंबऱ्याला पाय लावायची नाहीत, ती यांच्याकडे निर्धास्त येत.

आता याचं श्रेय त्यांना देण्याचं काही कारण नाही. ते बायकोचं. स्टुडिओ नवा होता आणि लग्नाला जेमतेम तीन महिने झाले होते, तेव्हा कात्रीवाल्यांनी एका मुलीचा सुंदर फोटो न विचारता बाहेरच्या काचेच्या कपाटात लावला. मुलीच्या घरच्यांनी तिला फैलावर घेतलं. ती बिचारी निगेटिव्ह मागायला आली, तर हे ताठ्यात म्हणाले, निगेटिव्ह स्टुडिओची असते. मुलगी तिथून गेली नाही. पायरीवर उभी राहिली, तासभर. घर स्टुडिओच्या वरच होतं. बायको जिना उतरून खाली आली, तिने एकदा त्या मुलीकडे पाहिलं आणि स्वयंपाकघरातली कात्री नवऱ्यासमोर टेबलावर ठेवली. म्हणाली, "चेहरा तिचा आहे. तुमचं काय आहे त्यात?" कात्रीवाल्यांनी मुलीच्या डोळ्यांदेखत निगेटिव्हचे चार तुकडे केले. तेव्हापासून ती कात्री वर गेलीच नाही, बायकोने स्वयंपाकाला दुसरी आणली.

अशी ही बायको. आणि एवढ्या नामांकित फोटोग्राफरच्या बायकोचा डोळे उघडे असलेला एकही फोटो घरात नव्हता. तिला फोटोचं वावडं होतं अशातला भाग नाही, हौसेने बसायची. पण कॅमेऱ्याचा खटका वाजला की तिच्या पापण्या मिटायच्या. लग्नातल्या फोटोंत मिटलेल्या, लेक झाली तेव्हा मिटलेल्या, लेकीच्या पदवीच्या वेळी मिटलेल्या. कात्रीवाल्यांनी सगळे उपाय केले. तीन म्हणून दोनला खटका दाबला, बोलता बोलता दाबला, शिंक आल्याचं सोंग करून दाबला. ती कशी कोण जाणे, नेमकी त्याच क्षणाला मिटायची. सरकारी ओळखपत्रावरसुद्धा ती झोपलेली आहे. "तू डोळ्यांनी ऐकतेस," असं ते म्हणायचे आणि ती म्हणायची, "कुणीतरी ऐकायला हवं ना या घरात."

तेहेतीस वर्षं ही गंमतच होती. मग बायको आजारी पडली आणि गंमत संपली. दुखणं हाडांत उतरलं होतं. डॉक्टरांनी कात्रीवाल्यांना बाजूला घेऊन महिन्यांची भाषा केली, आणि पुढच्या वेळी आठवड्यांची. कात्रीवाले घरी आले, भिंतीवरचे फोटो एकेक करून बघत गेले. ही गेल्यावर हिचे डोळे कुठे बघायचे? जन्मभर दुसऱ्यांचे डोळे टिपून दिले, हिचे राहून गेले. त्यांना एक फोटो हवा होता. फक्त एक, उघड्या डोळ्यांचा.

त्याच सुमारास कॅमेऱ्याच्या कंपनीचा माणूस स्टुडिओत आला. नवा डिजिटल कॅमेरा बाजारात यायचा होता आणि त्याआधी गावातल्या चार मुरलेल्या फोटोग्राफरांना तो महिनाभर वापरायला देऊन त्यांचं मत घ्यायचं होतं. महिना संपला की सगळ्यांनी एका हॉटेलच्या हॉलमध्ये जमायचं, आपापला अनुभव सांगायचा, अकरा प्रश्नांचा फॉर्म भरून द्यायचा. कात्रीवाल्यांचा स्वतःचा कॅमेरा अकरा वर्षांचा होता आणि त्यांना तो पुरेसा होता. नवीन यंत्र पाहून त्यांनी रीतसर नाक मुरडलं. माणूस भरभर सांगत होता. हा डोळा आपोआप शोधतो, डोळ्यावर चौकोन येतो. अंधारात दिसतो. हे असं आहे, ते तसं आहे. कात्रीवाल्यांचं अर्धं लक्ष वरच्या मजल्याकडे होतं. माणसाने कॅमेरा त्यांच्या हातात दिला आणि म्हणाला, "दाबून बघा सर."

त्यांनी दाबलं. काहीच झालं नाही.

"बंद आहे का?"

"नाही सर. निघाला फोटो. याला आवाजच नाही."

कात्रीवाल्यांनी पुन्हा दाबलं, कानाशी धरून दाबलं. खरंच, मागच्या स्क्रीनवर फोटो उमटत होता आणि यंत्र मुकं होतं. त्यानंतर तो माणूस आणखी पंधरा मिनिटं बोलला. त्यातलं एक अक्षर त्यांच्या डोक्यात शिरलं नाही. त्यांनी सही केली, पुस्तिका टेबलाच्या खणात टाकली आणि माणूस जायची वाट बघत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास ते जिना चढून वर गेले. चपला खालीच काढल्या होत्या. बायकोच्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं आणि खिडकीतून डावीकडून असा काही मऊ उजेड तिच्या चेहऱ्यावर आला होता की पैसे देऊनही तसा लावता येत नाही. ती उशीला टेकून खिडकीकडे बघत होती. कात्रीवाले व्हरांड्याच्या भिंतीला चिकटून उभे राहिले आणि त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. चौकोन आला, तिच्या डाव्या डोळ्यावर बसला. त्यांनी दाबलं. पापणी हलली नाही. पुन्हा दाबलं. उघडे. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, उघडेच. पापण्यांचा केस न् केस मोजून घ्यावा इतका स्पष्ट येत होता.

इथे त्यांची जी चूक झाली ती फोटोग्राफरच करू जाणे. दुसरं कुणीही दारात उभं असतं तर त्याला आधी माणूस दिसलं असतं. यांना उजेड दिसला, चौकोन दिसला, पापण्यांची धार दिसली. तिने खालचा ओठ दातांत धरला होता, उजव्या हाताची मूठ चादरीत घट्ट वळली होती, ते त्यांना दिसलं नाही. दिसलं असेल तर फोटोच्या चौकटीतली एक वस्तू म्हणून दिसलं. तेरा फोटो झाले. चौदाव्याला तिने मान वळवली आणि सरळ दाराकडे पाहिलं.

"काढलात का?" तिने विचारलं.

कात्रीवाले आत गेले. चोरी पकडल्यासारखा चेहरा झाला होता, पण आनंदही लपत नव्हता. "डोळे उघडे आलेत," ते म्हणाले. "सगळ्यांत. याला आवाज नाही ना."

"बघू."

ते पलंगाच्या कडेला बसले आणि एकेक फोटो दाखवत गेले. आणि तिच्याशेजारी बसून बघताना त्यांना पहिल्यांदा ते फोटो दिसले. इतके महिने ते खोलीत आले की बायको उशी सारखी करायची, चहा घेतलात का म्हणून विचारायची, खाली कोण आलं होतं त्याची चौकशी करायची. त्यांना वाटायचं, औषधाने थोडा उतार पडतोय. स्क्रीनवरची ही बाई त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. हिला इतकं दुखत होतं की खिडकीबाहेर काय आहे ते हिला दिसतही नव्हतं.

तिने चौदाही फोटो शांतपणे पाहिले.

"उघडे आहेत खरे," ती म्हणाली. मग म्हणाली, "पुसा."

"अगं, एक राहू दे. एकच."

"गिऱ्हाईकाला असं म्हणता का?"

"तू काय गिऱ्हाईक आहेस?"

"त्यांच्याइतका तरी मान ठेवाल की नाही?" ती थांबली, तिला दम लागला होता. "तुम्हाला दिसू नये म्हणून किती दात आवळून बसले मी. पायरीवर तुमचं पाऊल वाजलं की मी बरी व्हायचे. आज तुम्ही पाऊलसुद्धा वाजवलं नाहीत."

कात्रीवाल्यांनी कॅमेऱ्याचा स्क्रीन तिच्याकडे वळवला. चौतीस वर्षांच्या सवयीने विचारलं, "बघतेस ना?"

"बघतेय."

त्यांनी चौदा फोटो एकामागून एक पुसले. प्रत्येक वेळी यंत्र खात्री करून घ्यायचं आणि प्रत्येक वेळी ते हो म्हणायचे. शेवटचा गेला तेव्हा तिने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि रागावलात का म्हणून विचारलं. नाही, म्हणाले. त्यानंतर ते जिन्यावरून जाता-येता मुद्दाम पाय आपटत. खाली उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांना वाटे, म्हातारा कुणावर तरी भडकलाय.

अकराव्या दिवशी, भर दुपारी, ती गेली.

लेक आधीच आली होती. दुसऱ्या गावी नोकरी करणारी, आईवर गेलेली, हुशार पोर. चारेक दिवसांनी तिने घरातले सगळे अल्बम जमिनीवर मांडले. आईचा एक फोटो मोठा करून तिला आपल्या घरी न्यायचा होता. सगळे पाहून झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, एकही नाही?" तेव्हा कात्रीवाल्यांच्याने राहवलं नाही, त्यांनी चौदा फोटोंची गोष्ट सांगून टाकली. लेकीने हातातला अल्बम मिटला.

"चौदाच्या चौदा?"

"तिने सांगितलं."

"तिने सांगितलं आणि तुम्ही ऐकलंत. मला विचारावंसं वाटलं नाही तुम्हाला? माझी आई होती ती." मग अल्बम उचलून ठेवताना ती हळूच म्हणाली, "तुमची ती कात्री तुम्हालाच लखलाभ." पुढचे काही दिवस ती कामापुरतं बोलली. तिचं काही चुकत होतं असं कात्रीवाल्यांना वाटत नव्हतं.

महिना संपला. हॉटेलच्या हॉलमध्ये जायची त्यांना अजिबात इच्छा नव्हती, पण कॅमेरा परत करायचा होता आणि दुसऱ्याची वस्तू अडकवून ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. अकराही प्रश्न कोरे ठेवून त्यांनी फॉर्म खिशात घातला आणि गेले. तिथे तिघं आधीच आले होते. लग्नाचे फोटो काढणारा सुटाबुटात, वर्तमानपत्रातला खांद्यावरची झोळी सोडायला तयार नसलेला, आणि तान्ह्या बाळांचे फोटो काढणारी बाई. बायको गेल्याचं सगळ्यांना कळलं होतं. तिघांनी येऊन हात हातात घेतला, मग कंपनीच्या माणसाने चहा मागवला आणि बोलणं कॅमेऱ्याकडे वळलं.

लग्नवाला खूश होता. चौकोन नवरीचा डोळा सोडत नाही, म्हणे, मधे शंभर पाहुणे आले तरी. बाळांची बाई म्हणाली, "मला तर देवच भेटला. झोपलेलं मूल उठत नाही." वर्तमानपत्रवाल्याला कशातच राम दिसत नसे, त्याने आधी वजनाला नावं ठेवली, मग बॅटरीला. शेवटी म्हणाला, "एक मात्र मानलं. दोन कार्डं आहेत आणि एकाच वेळी दोन्हींवर फोटो जातो. परवा मी गडबडीत सगळं पुसून बसलो. घाम फुटला. बघतो तर दुसऱ्या कार्डावर सगळे जसेच्या तसे."

कात्रीवाल्यांनी कप खाली ठेवला. "माझ्यातही दोन आहेत?"

"सगळ्यांच्यातच आहेत सर," कंपनीचा माणूस म्हणाला. "मीच दोन्ही घालून, लावून दिलंय. सांगितलं होतं ना तुम्हाला?"

सांगितलं असेल. त्या पंधरा मिनिटांत सांगितलं असेल. कात्रीवाले कॅमेरा घेऊन उठले, बाहेर जिन्याशी एक खुर्ची होती तिच्यावर बसले. दुसरं कार्ड कसं उघडायचं ते त्यांना कळेना. दोनदा चुकले. मग स्क्रीनवर खिडकी आली, उशी आली, आणि ती आली.

किती वेळ ते नुसते बघत होते, त्यांनाच ठाऊक. महिन्याभरात पहिल्यांदा त्यांचे डोळे भरून वाहिले. मग डोकं चालायला लागलं, आणि फोटोग्राफरचं डोकं ज्या दिशेने चालतं त्याच दिशेने चाललं. ओठ नको, मूठ नको. नुसते डोळे कापून घेतले तर? मोठे करून, चौकटीत घालून लेकीला दिले तर? लेकीचा राग जाईल. आणि बायकोला काय कळणार आहे आता. हे शेवटचं मनात आलं मात्र, त्यांची त्यांनाच शरम वाटली. तरी त्यांनी बटण दाबून फोटो मोठा केला. ओठ चौकटीबाहेर गेला, हात गेला, फक्त दोन डोळे राहिले. आणि सगळं दुखणं तिथेच होतं. ओठ तर निदान दातांनी दाबून धरला होता, डोळ्यांना धरून ठेवणारं काही नव्हतं.

तेरा झाले आणि चौदावा आला. हा त्या दिवशी त्यांनी नीट पाहिला नव्हता, पुसायच्या घाईत गेला होता. यात ती सरळ त्यांच्याकडे बघत होती. न विचारता खोलीत शिरलेल्या परक्या माणसाकडे बघावं तशी. तेहेतीस वर्षांत ती त्यांच्यावर रुसली होती, चिडली होती, दोनदा माहेरी निघून गेली होती, पण तिने असं कधी बघितलं नव्हतं.

त्यांनी पुसायला अंगठा टेकवला. यंत्राने खात्री विचारली. कात्रीवाले थांबले, कारण आता त्यांनी कुणाला तरी विचारायला हवं होतं, आणि समोर जिन्याचा कठडा होता. चौतीस वर्षांत त्यांनी माणूस समोर नसताना कधी कुणाचा फोटो पुसला नव्हता. त्या दिवशी पुसले, चौदाही, एकेक करून.

कंपनीचा माणूस त्यांना शोधत बाहेर आला. "सर, तुमचं मत राहिलं. दोन शब्द बोला."

ते आत जाऊन उभे राहिले. "यंत्र चांगलं आहे," म्हणाले. "डोळा पकडतं. उजेड चांगला घेतं. फक्त आवाज ठेवा त्याला. समोरच्याला कळलं पाहिजे."

"आवाज चालू करता येतो सर," माणूस अदबीने म्हणाला. "मेनूमध्ये आहे. पुस्तिकेत दिलंय, पान बावन्न."

"असेल," कात्रीवाले म्हणाले. त्यांनी कॅमेरा, पट्टा, दोन्ही कार्डं आणि कोरा फॉर्म टेबलावर ठेवला.

घरी आले तेव्हा लेक बॅग भरत होती, दुसऱ्या दिवशी सकाळची तिची गाडी होती. जिन्यावर पाय आपटत यायची सवय अजून गेली नव्हती. त्यांना पाहून तिने हातातली साडी बाजूला ठेवली, आईची होती. "बाबा, बसा जरा," म्हणाली. "मी त्या दिवशी नको ते बोलले. तिने पुसा म्हटलं आणि तुम्ही पुसलंत, बरोबरच केलंत. मी असते तर मला जमलं नसतं."

कात्रीवाले पलंगाच्या कडेला बसले. आजचं काही तिला सांगायचं नाही, हे त्यांनी वाटेतच ठरवलं होतं.

"तुम्हाला तरी आठवतात ना तिचे डोळे?" लेक म्हणाली. "मला गेले दोन दिवस धड आठवतच नाहीत. दवाखान्यातली आठवते, झोपलेली आठवते. ती कशी बघायची सांगा ना. तुमच्याकडे कशी बघायची?"

ते आठवू लागले. त्यांनी तिला स्वयंपाकघरात उभी केली, जिन्यात उभी केली, लग्नानंतर तीन महिन्यांची, हातात कात्री घेतलेली आठवली. केस आठवले, कपाळ आठवलं, हसताना एका बाजूला जाणारा ओठ आठवला. पण डोळ्यांपाशी आले की प्रत्येक ठिकाणी तो चौदाव्या फोटोतलाच डोळा येऊन बसत होता. तो हलेना. दोन्ही कार्डांवरून गेलेली ती नजर आता एवढीच त्यांच्यापाशी उरली होती, आणि ती परक्याकडे बघायची नजर होती.

"तुझ्यासारखीच बघायची," ते म्हणाले.

लेकीला ते फार बरं वाटलं. तिने डोळे वर करून बापाकडे पाहिलं. कात्रीवाले चहा टाकतो म्हणून घाईघाईने उठले, आणि स्वयंपाकघरात जाऊन गॅस न पेटवताच ओट्याशी उभे राहिले.